नांगर वाळूत टाका : ग्रँड आयलंडला पर्यटक नेणाऱ्यांना खुले पत्र

बोटमालक, तांडेल, खलाशी आणि डायव्हिंग प्रशिक्षक मंडळी,

स. न. वि. वि.

पावसाळा ओसरत आला आहे. वर ओढून ठेवलेल्या होड्यांना रंग लागतोय, इंजिनं दुरुस्तीला गेली आहेत. थोड्याच दिवसांत कोको बीच, पणजी, बायणा, बोगमाळो इथून गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटाच्या फेऱ्या सुरू होतील. एकदा हंगाम लागला की तुम्हाला मान वर करायलाही सवड नसते, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. मी वास्कोत राहते आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तुमच्यापैकी काहींच्या बोटीतून मी विद्यार्थ्यांना घेऊन बेटावर आले आहे. तुमचे खलाशी पोरांना किती सांभाळून पाण्यात उतरवतात ते मी पाहिलं आहे, आणि त्याच भरवशावर हे मागणं मागते आहे.

मागणं आधी सांगते. नांगर खडपावर टाकू नका, वाळूत टाका. आणि खडपाला धरून वाढलेल्या स्पंजांना हात लावू नका, पर्यटकांना लावू देऊ नका. प्रवाळ जपा असं तुम्हाला पुष्कळांनी सांगितलं असेल. स्पंज जपा असं बहुधा कुणी सांगितलं नसेल. का जपायचे, ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

तुमच्या बोटीत बसणारा पाहुणा मासे आणि प्रवाळ बघायला आलेला असतो. प्रशिक्षक त्याला बोट करून तेच दाखवतो. पण खडपावर, कपारीत, प्रवाळाच्या बुडाशी नारिंगी, पिवळे, जांभळट, काळपट असे जे थर, गोळे आणि नळकांडी दिसतात, त्यांच्यावरून नजर पुढे सरकते. हलत नाहीत, डोळे नाहीत, पळत नाहीत. मेलेल्या शेवाळासारखे वाटतात. तेच स्पंज. प्रवाळाच्या त्या वस्तीत अन्न फिरवण्याचं आणि तुकडे एकत्र धरून ठेवण्याचं मोठं काम हे करतात, आणि तेही एकट्याने नाही. त्यांच्या अंगात जी जिवाणूंची दाटी असते ती धरली, तर एकेक स्पंज म्हणजे अब्जावधी जिवांचं एकत्र कुटुंब आहे.

आधी आपल्या प्रवाळाबद्दल दोन शब्द. गोव्यात लक्षद्वीपसारखी प्रवाळाची बेटं नाहीत. मांडवी आणि जुवारी पावसाळ्यात ढगाएवढं लाल गढूळ पाणी समुद्रात ओततात, क्षारता उतरते, प्रकाश तळाशी पोचत नाही. प्रवाळाला नकोशा वाटणाऱ्या बहुतेक गोष्टी आपल्याकडे वर्षातले काही महिने असतातच. तरीही ग्रँड आयलंडच्या आडोशाला, खडपावर, प्रवाळ टिकून आहे: पसरट पानांसारखी टर्बिनेरिया, गोलसर पोराइटीस आणि आणखी काही जाती. ती सलग भिंत नाही, तुटक तुटक वस्ती आहे. मला तिचं फार अप्रूप वाटतं, कारण इतक्या अडचणीत राहून ती जगली आहे. पण तुटक वस्तीला राखीव असं काही नसतं. एका कोपऱ्यातलं गेलं तर शेजारून येऊन ती जागा भरायला फार कमी प्रवाळ उरतो.

आता स्पंज. हा प्राणी आहे, आणि प्राण्यांत अतिशय जुना, ५० कोटी वर्षांहून जुना. त्याला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, मज्जातंतू नाहीत. अंगभर बारीक छिद्रं, आत कालव्यांचं जाळं, आणि कालव्यांच्या वाटेवर हजारो सूक्ष्म कोठड्या. कोठड्यांच्या भिंतींना कॉलरपेशी असतात. प्रत्येक पेशीला एक लवलवती शेपटी आणि तिच्याभोवती केसांहून बारीक तंतूंची जाळी. शेपट्या हलत राहतात, त्या ओढीने बाहेरचं पाणी छिद्रांतून आत येतं, जाळीत जिवाणू आणि शेवाळाचे बारीक कण अडकतात, आणि गाळलेलं पाणी वरच्या मोठ्या भोकातून बाहेर जातं. एक किलो स्पंजातून दिवसाला २४,००० लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं.

हे डोळ्यांनी पाहता येतं. संशोधक पाण्याखाली पिचकारीतून फ्लुओरेसिन नावाचा हिरवा रंग स्पंजाच्या बुडाशी हळूच सोडतात. क्षणभर तो रंग स्पंजाच्या कडेला धुक्यासारखा रेंगाळतो, मग अंगात शिरून दिसेनासा होतो. काही सेकंद जातात. आणि मग वरच्या भोकातून तोच हिरवा रंग सरळ झोतासारखा वर उसळतो. माझ्या वर्गात याची चित्रफीत दाखवली की पोरं पुन्हा लावायला लावतात. ज्याला आपण दगडाचा भाग समजत होतो तो इतका वेळ पाणी ओढत होता, हे एकदा पाहिलं की मग त्याच्याकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

त्या पाण्यात जिवाणू किती? समुद्राच्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १० लाख. आणि दाट वस्तीच्या स्पंजाच्या एका ग्रॅममध्ये १० कोटींपासून १,००० कोटींपर्यंत. काही जातींत स्पंजाच्या एकूण वजनातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग निव्वळ जिवाणूंचा असतो. शास्त्रज्ञ स्पंजांचे ढोबळ दोन गट करतात, भरपूर जिवाणू असलेले आणि थोडके असलेले. पहिल्या गटातले सहसा जाड अंगाचे आणि पाणी सावकाश ओढणारे, दुसऱ्या गटातले भराभर ओढणारे. दोघांची राहणी वेगळी आहे.

माझ्या विषयातली म्हणून मला सगळ्यात नवलाची वाटणारी गोष्ट ही, की स्पंज जिवाणू खातो आणि जिवाणू पाळतोही. पाण्यातून आलेला जिवाणू कॉलरपेशी पकडून पचवते, आणि चार पेशी पलीकडे, दोन थरांमधल्या मऊ भागात, स्पंजाचे स्वतःचे जिवाणू निर्धास्त राहतात. हे घरचे जिवाणू बाहेरच्या पाण्यातल्या जिवाणूंपेक्षा निराळे असतात. वेगवेगळ्या समुद्रांतल्या ८१ जातींच्या स्पंजांचा एकत्र अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात जिवाणू आणि आर्किया (जिवाणूंसारखेच, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) यांचे ४१ संघ, म्हणजे मोठे गट, सापडले. पोरिबॅक्टेरिया नावाचा गट २००४ साली पहिल्यांदा ओळखला गेला तोही स्पंजातच. अनेक जातींत आई-स्पंज आपल्या अळीबरोबर हे जिवाणू पुढच्या पिढीला देतो. म्हणजे अळी पाण्यात सुटते तेव्हाच तिच्याजवळ शिदोरी असते.

हे जिवाणू आत काय करतात? काही सायनोबॅक्टेरिया आहेत, ते उन्हात अन्न तयार करतात, म्हणून उथळ पाण्यातल्या काही स्पंजांना अर्धं जेवण घरातूनच मिळतं. काही हवेतून विरघळलेला नायट्रोजन पकडून वापरण्याजोगा करतात. स्पंजातले जिवाणू हे करतात हे १९७९ पासून माहीत आहे. काही, विशेषतः आर्किया, स्पंजाने बाहेर टाकलेल्या अमोनियाचं नायट्रेट करतात. स्पंज मधूनच पाणी ओढणं थांबवतो, तेव्हा अंगातला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो, आणि मग दुसरेच जिवाणू कामाला लागतात आणि नायट्रेटचा पुन्हा नायट्रोजन वायू करून टाकतात. ही उलटसुलट कामं एकाच मुठीएवढ्या अंगात चालतात. फॉस्फरसचंही तसंच. फ्लोरिडातल्या तीन जातींच्या स्पंजांवर २०१५ साली झालेल्या कामात असं दिसलं की त्यांचे जिवाणू फॉस्फरस दाण्यांच्या रूपात साठवून ठेवतात, आणि स्पंजातल्या एकूण फॉस्फरसचा बराच वाटा या दाण्यांत असतो. प्रवाळाच्या पाण्यात फॉस्फरस नेहमीच तुटपुंजा. तो वाहून न जाता तिथेच राहणं ही त्या सगळ्या वस्तीसाठी मोठी गोष्ट आहे.

आणखी एक गोष्ट जाता जाता. हलता न येणारा स्पंज रसायनांनी स्वतःचा बचाव करतो, आणि त्यातली बरीच रसायनं प्रत्यक्षात त्याचे जिवाणू बनवतात. १९५० च्या दशकात कॅरिबियनमधल्या एका स्पंजात सापडलेल्या रेणूंवरून सायटाराबिन हे औषध सुचलं. रक्ताच्या कर्करोगावर ते आजही देतात. तुमच्या ओळखीतल्या कुणाला ते दिलं गेलं असेल.

पण मला खरं बोलायचं आहे ते अन्नाबद्दल, कारण त्याचा संबंध तुमच्या पाहुण्यांना दिसणाऱ्या माशांशी आहे.

उष्ण समुद्रातलं निळं पाणी अन्नाच्या दृष्टीने जवळपास रिकामं असतं. त्यात प्रवाळाभोवती एवढा गजबजाट कसा, हा प्रश्न डार्विनच्या काळापासून शास्त्रज्ञांना पडलेला आहे. प्रवाळ आणि शेवाळ उन्हात जे अन्न तयार करतात, त्यातला मोठा हिस्सा, कधीकधी निम्म्यापर्यंत, पाण्यात विरघळून निघून जातो. प्रवाळाच्या अंगावरचा बुळबुळीत चिकट थरही असाच विरघळतो. हे विरघळलेलं अन्न माशाला खाता येत नाही, शेवंडीला खाता येत नाही, खेकड्याला येत नाही. ते वाहून खुल्या समुद्रात गेलं की गेलंच.

ते स्पंज पकडतात. २०१३ साली यास्पर द खुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटाजवळच्या प्रवाळातल्या कपारींत राहणाऱ्या स्पंजांवरचं काम प्रसिद्ध केलं. त्यांनी खूण केलेला कार्बन आणि नायट्रोजन वापरून विरघळलेल्या अन्नाचा माग काढला. स्पंजांनी ते पाण्यातून शोषलं. पुढे त्यांच्या गाळण्याच्या पेशी भराभर झडत गेल्या आणि त्या जागी नव्या आल्या. हॅलिसार्का या जातीत या पेशी सहा तासांच्या आत दुप्पट होतात, प्राण्यांच्या पेशींत हा वेग फारच मोठा आहे. झडलेल्या पेशी बारीक कणांच्या रूपात तळाशी पडल्या, आणि ते कण गोगलगायी, बारीक खेकडे, तारामाशांचे भाईबंद यांनी खाल्ले. खूण त्यांच्या अंगात मिळाली. जे पाण्यात विरघळून हरवलं असतं ते अशा रीतीने पुन्हा कुणाच्या तरी तोंडी लागलं. पुढे लाल समुद्रात प्रवाळाचा चिकट थर घेऊन हाच माग काढला, तिथेही हेच दिसलं.

सगळे स्पंज पेशी झाडतात असं नाही. काही जाती हे अन्न स्वतःच्या वाढीला लावतात, आणि मग स्पंज खाणारे मासे, कासवं यांच्यामार्फत ते पुढे सरकतं. दोन्ही वाटांनी शेवट एकाच ठिकाणी होतो. बारीक जीव तळाशी वाढतात, त्यांना खायला मोठे येतात, आणि त्या मोठ्यांमागे गोबरे आणि तांबोशी येतात. तुमचा पाहुणा ज्या माशांचे फोटो काढतो, त्यांच्या जेवणाचा एक धागा या नारिंगी थरांपर्यंत पोचतो. आणि विरघळलेलं अन्न शोषण्यात स्पंजाच्या पेशी आणि त्याचे जिवाणू दोघांचाही हात असतो, हे अलीकडच्या कामातून दाखवलं गेलं आहे. म्हणून जिवाणू आजारी पडले तर स्पंजाचं कामही बिघडतं.

दुसरं काम धरून ठेवण्याचं. चिऱ्यांच्या भिंतीत सांधे भरलेले नसतील तर एका पावसात चिरे हलायला लागतात. स्पंज प्रवाळाच्या फांद्यांमध्ये, सुट्या तुकड्यांमध्ये असेच सांधे भरतात. कॅरिबियनमध्ये जेनी वुल्फ आणि लिओ बस यांनी प्रवाळाच्या काही तुकड्यांवरून स्पंज मुद्दाम काढून टाकले आणि शेजारच्या तुकड्यांवर तसेच राहू दिले. सहा महिन्यांनी जिथे स्पंज होते तिथे ४ टक्के प्रवाळ गेला होता, आणि जिथून काढले होते तिथे ४० टक्के. हे १९७९ साली छापून आलं. वुल्फ यांनी पुढे हेही दाखवलं की तुटलेल्या प्रवाळाचा चुरा स्पंज पकडून स्थिर करतात. चुरा हलायचा थांबला की त्याच्यावर नवा प्रवाळ बसू शकतो, हलत्या चुऱ्यावर बसलेलं बाळ चिरडून जातं. आपल्याकडे चार महिने पावसाळी लाटा खडपावर आदळतात. प्रवाळाला बुडाशी घट्ट राहण्याची गरज इथे कॅरिबियनपेक्षा कमी असेल असं मला तरी वाटत नाही.

सगळेच स्पंज प्रवाळाचे सोबती आहेत असंही मी म्हणणार नाही, ते खरं होणार नाही. क्लायोना गटातले स्पंज प्रवाळाच्या सांगाड्यात बोगदे करून राहतात. रसायनाने चुना सैल करतात आणि बारीक चकत्या तोडून बाहेर फेकतात. बाहेरून फक्त छोटी रंगीत तोंडं दिसतात, आत सगळं पोखरलेलं असतं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ साली आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर जिवंत प्रवाळात शिरणाऱ्या अशा एका नव्या जातीचं वर्णन केलं, क्लायोना थॉमासी. थोड्या प्रमाणात पोखरणं हा प्रवाळाच्या जगातला रोजचा व्यवहार आहे. त्यातून वाळू तयार होते, कपारी तयार होतात. पण जिथे सांडपाणी समुद्रात जातं तिथे हे पोखरणारे स्पंज वाढतात, हे कॅरिबियन आणि फ्लोरिडात अनेकदा नोंदलं गेलं आहे, कारण सांडपाण्याने जिवाणू वाढतात आणि जिवाणू हे त्यांचं खाद्य. तुमच्यापैकी कुणाच्या बोटीवर शौचालयाची टाकी असेल, कुणाची बोट जेवण करून भांडी तिथेच धुत असेल, तर ते पाणी बेटाजवळ सोडू नका एवढं या निमित्ताने सांगते. किनाऱ्यावरच्या सांडपाण्याचा जाब ज्यांना विचारायचा त्यांना वेगळा विचारायचा आहे, तो तुमच्या माथी मारत नाही.

गाळाचंही तसंच. नद्यांतून येणारा गाळ, बंदराच्या खाडीतलं गाळ उपसणं हे तुमच्या हातात नाही. पाण्यात गाळ वाढला की काही जातींचे स्पंज पाणी ओढणं कमी करतात किंवा थांबवतात, नाहीतर आतले कालवे बुजतील. थोडे दिवस ते उपाशी काढू शकतात, फार दिवस नाही. आणि उन्हाळा. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधल्या एका स्पंजावरच्या प्रयोगांत ३१ अंश सेल्सिअसपर्यंत त्याचे जिवाणू शाबूत होते, ३३ अंशांना ती सोबत मोडली आणि स्पंज सडायला लागला. दोन अंशांचा फरक. एप्रिल-मे महिन्यांत तुम्ही पाण्यात हात घालता तेव्हा पाणी किती कोमट लागतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अशा दिवसांत प्रवाळ आणि स्पंज दोघंही आधीच थकलेले असतात, आणि नेमका तेव्हाच सुट्ट्यांचा गर्दीचा हंगाम असतो. म्हणून त्या महिन्यांत जास्त जपा.

आता तुमच्या हातात जे आहे त्याकडे येते.

गेल्या हंगामात मी बेटाच्या आडोशाला पाण्यात होते. वर एक बोट येऊन थांबली आणि तिचा नांगर माझ्यापासून थोड्या अंतरावर खाली आला. त्याचा दात हाताच्या पंजाएवढ्या नारिंगी स्पंजाच्या कडेला रुतला. प्रवाहाने बोट फिरली, दोर ताणला, आणि नांगर खडपावरून घासत गेला. स्पंजाचं वरचं नारिंगी कातडं सालीसारखं निघालं. आतला भाग फिकट पिवळा, भोकाभोकांचा, पावाच्या मगजासारखा दिसत होता. त्यातून केसासारख्या हातांचे बारीक जीव आणि काचेसारख्या कोळंब्या बाहेर सांडल्या, आणि लगेच दोन-तीन मासे येऊन त्या टिपायला लागले. पाण्यात पिवळसर ढग पसरला. नांगर शेवटी टर्बिनेरियाच्या एका पानाखाली अडकून थांबला, आणि निघताना तो उपसून काढला तेव्हा पानाचा कोपरा बरोबर गेला. बोटीतल्या माणसांना यातलं काही दिसलं नाही. वरून दिसणं शक्यही नव्हतं.

स्पंज जखम भरून काढतो, कधी आश्चर्य वाटावं इतक्या लवकर. पण त्यासाठी बुडाचा काही भाग खडपाला चिकटलेला राहायला हवा. सुटून वाळूत पडलेला तुकडा लाटेबरोबर लोळतो, छिद्रं गाळाने बुजतात, आणि तो मरतो. शिवाय जखम भरण्यात जी ताकद जाते ती पाणी गाळण्याला आणि वाढीला कमी पडते. एकाच जागी दिवसातून कितीतरी नांगर पडत असतील तर भरून यायला उसंत कुठली?

हात लावण्याबद्दल. पर्यटकाला काहीतरी हातात देऊन फोटो काढायचा मोह मला समजतो, तो खूश होतो, पुढच्याला सांगतो. पण स्पंज पाण्याबाहेर काढला की कालव्यांतलं पाणी गळून त्यात हवा शिरते. परत पाण्यात टाकला तरी ते बुडबुडे आत अडकून राहतात, पाणी ओढलं जात नाही, आणि तो भाग सडू लागतो. पाहुण्याच्या दृष्टीने तो अर्ध्या मिनिटाचा फोटो असतो. काही स्पंजांचे काचेसारखे काटे हातात घुसून खाज आणि सूज येते, हेही पाहुण्यांना सांगा, ते लगेच ऐकतात. पहिल्यांदा पाण्यात उतरलेला माणूस घाबरून खडपावर उभा राहतो किंवा फिन्सनी तळ ढवळतो. त्याला आधी वाळूच्या जागी उतरवून हातपाय सैल करू द्या. चांगले प्रशिक्षक हे करतातच. आणि माशांना पाव टाकणं बंद करा. पाव खायला शिकलेले मासे खडपावरचं आपलं काम सोडतात.

कायदा काय म्हणतो ते तुम्ही ऐकलं असेल. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली खडक बांधणारा सगळा प्रवाळ पहिल्या परिशिष्टात आहे, तो तोडणं हा वाघाला हात लावण्याइतकाच गंभीर गुन्हा. स्पंजांपैकी २००१ साली या कायद्याच्या परिशिष्टांत घेतले गेले ते फक्त चुन्याच्या काट्यांचे कॅल्केरिया. जगातले पाचातले चार स्पंज ज्या गटात येतात, त्या डेमोस्पंजांना तिथे जागा मिळाली नाही. गोव्यात सहा अभयारण्यं आणि एक राष्ट्रीय उद्यान आहे, त्यातलं एकही खुल्या समुद्रात नाही. शेजारी मालवणला १९८७ पासून समुद्री अभयारण्य आहे, तरी तिथल्या प्रवाळाला डायव्हिंगच्या पर्यटनाने कशी इजा झाली हे संशोधकांनी लिहून ठेवलं आहे. म्हणजे नुसता फलक लावून भागत नाही. पाण्यावर रोज जे असतात त्यांनी मनावर घेतलं तरच काही होतं, आणि ग्रँड आयलंडच्या पाण्यावर रोज तुम्ही असता. वन खात्याचा माणूस तिथे रोज येणार नाही, मीही येणार नाही.

तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. वाळूत टाकलेला नांगर कधी सरकतो. बोटीत वीस माणसं, त्यातली निम्मी पोहता न येणारी. खडपाजवळ थांबलं नाही तर पाहुणा तक्रार करतो, आणि शेजारची बोट अगदी जवळ जाऊन थांबते. हंगाम तेवढाच, कर्जाचे हप्ते बाराही महिने. एकट्या बोटीने दूर थांबायचं ठरवलं तर नुकसान तिचंच, हे खरं आहे. म्हणून मी हे पत्र एकेकट्याला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे. यावर उपाय आहे तो कायमच्या बोयांचा. खडपाच्या बाजूला, वाळूच्या पट्ट्यात, तळाशी जड ठोकळा किंवा स्क्रूसारखा खांब पक्का बसवायचा, त्याला साखळी आणि वर बोया. साखळीच्या मधोमध एक छोटा तरंगता गोळा, म्हणजे ती तळाला घासत नाही. बोटी बोयाला बांधायच्या, नांगर टाकायचाच नाही. जगात जिथे जिथे प्रवाळावर डायव्हिंगचा धंदा चालतो तिथे हे रुळलेलं आहे. बोटही जास्त स्थिर राहते, नांगर अडकून दोर कापावा लागत नाही. जागा कुठली, किती खोल, कुठल्या वाऱ्यात कुठे बांधायचं, हे तुमच्याइतकं कुणालाच सांगता येणार नाही.

बंदर कप्तान खातं, पर्यटन खातं आणि वन खातं यांच्याकडे बोयांची मागणी तुमच्या संघटनांनी एकत्र नेली तर तिला वजन येईल. अर्ज लिहायला, नकाशावर स्पंज आणि प्रवाळाच्या जागा दाखवायला मी आणि माझे विद्यार्थी मदत करू. बोये येईपर्यंतही एक करता येईल: पहिली फेरी निघायच्या आधी सगळ्या तांडेलांनी एकत्र बसून वाळूचे दोन-तीन पट्टे ठरवावेत आणि सगळ्यांनी तिथेच नांगर टाकावा. ठरलेली जागा सगळ्यांची असली की शेजाऱ्याशी चढाओढ उरत नाही. नांगर टाकण्याआधी एका खलाशाने मास्क लावून खाली एकदा बघावं, पाणी स्वच्छ असेल त्या दिवशी एवढंही पुरतं.

हंगाम सुरू होण्याआधी कुठल्याही रविवारी, तुम्ही म्हणाल त्या जेटीवर, मी चित्रफिती आणि फोटो घेऊन यायला तयार आहे. तासाभराचं काम आहे. खलाशांना आणि नव्या प्रशिक्षकांना जरूर बोलवा, कोकणीत बोलू. कुठले स्पंज कसे ओळखायचे, पोखरणारे कुठले, पाहुण्यांना पाण्यात दोन मिनिटांत काय दाखवायचं, हे मी सांगेन. बेटाजवळची कुठली जागा पूर्वी कशी होती आणि आता कशी आहे, ते तुम्ही मला सांगा. ती माहिती आजवर कुठल्याच कागदावर आलेली नाही, आणि मला ती लिहून ठेवायची आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वास्कोतील एक सूक्ष्मजीवशास्त्र शिक्षिका